हातातला वाटाड्या

नागपूर दक्षिणेकडे वाढत गेले तशी हुडकेश्वरची शेते लेआउटांमध्ये बदलत गेली. शहराच्या कडेची ही रचना ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. शेतजमीन आखून तिचे प्लॉट पाडतात. काहींवर दुमजली घरे उभी राहतात, तर काही प्लॉट वर्षानुवर्षे रिकामेच पडून असतात. पहिला पाऊस पडला की त्या रिकाम्या प्लॉटवर तरोटा उगवतो. कडेला रुई, एरंड आणि गाजरगवत असते. उन्हाळ्यात उघड्या मुरमाड जागेवर टिटवी अंडी घालते. वाघ पाहायला जंगलात जाणे बहुतेक घरांना वर्षातून एकदाही जमत नाही. त्यामुळे इथल्या मुलांना रोज दिसणारा निसर्ग हा एवढाच. याच मुलांच्या हातात संध्याकाळी घरातला फोनही असतो. फोन आणि रिकामा प्लॉट यांची गाठ घालून देता येईल का, हा या लेखाचा प्रश्न आहे.

निसर्गात फिरताना माहिती देणारी मोबाईल मार्गदर्शिका ही आता नवलाई राहिलेली नाही. जगभरातल्या अभ्यासकांनी तिच्यावर वीस-पंचवीस वर्षे प्रयोग केले आहेत. ते वाचून आणि आमच्या लेआउटमध्ये थोडे करून पाहून माझे एक मत बनले आहे. जो फोन आधी विचारतो आणि मग सांगतो, तो शिकवतो. विचारण्याआधीच सांगून मोकळा होणारा फोन पाहण्याची गरजच संपवून टाकतो. दोन्ही फोन दिसायला सारखेच असतात. म्हणून त्यांच्यातला फरक नीट समजून घ्यायला हवा.

दोन जातींचे वाटाडे

यंत्राने कानात माहिती सांगण्याची कल्पना मोबाईलपेक्षा बरीच जुनी आहे. ॲमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात १९५२ साली प्रेक्षकांना कानाला लावायची रेडिओ-यंत्रे देत असत. चित्रासमोर उभे राहायचे आणि त्याची हकीकत ऐकायची. पुढे कॅसेट आली, मग डिजिटल ध्वनिफीत आली आणि स्मार्टफोन आल्यावर वेगळ्या यंत्राची गरजच उरली नाही. आवाज, चित्र, चित्रफीत आणि नकाशा हे सगळे एका खिशात आले. तेव्हा ही मार्गदर्शिका संग्रहालयाच्या भिंती ओलांडून बाग, तळे आणि जंगल यांच्याकडे वळली.

आज या मार्गदर्शिकांच्या ढोबळमानाने दोन जाती आहेत. पहिली जात वाट दाखवणाऱ्यांची. कोणीतरी आधी ती जागा चालून पाहिलेली असते, थांबे ठरवलेले असतात आणि प्रत्येक थांब्यासाठी मजकूर किंवा आवाज तयार ठेवलेला असतो. आपण थांब्याशी पोहोचलो हे फोनला दोन प्रकारे कळते. एक, उपग्रहांकडून मिळणाऱ्या स्थानावरून. मोकळ्या आभाळाखाली साध्या फोनची ही अचूकता साधारण पाच मीटरपर्यंत असते. दाट झाडीत ती बिघडते. त्यामुळे 'हे झाड' म्हणणारी मार्गदर्शिका शेजारच्या झाडापाशीच बोलायला लागू शकते. दुसरा मार्ग क्यूआर कोडचा. जपानमध्ये १९९४ साली मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी बनलेली ही चौकट आज चहाच्या टपरीपासून बागेतल्या झाडापर्यंत सगळीकडे लागली आहे. ती स्वस्त आहे आणि चुकत नाही. मात्र पाटी झाडाला खिळ्याने ठोकली तर झाडाची ओळख करून देताना आपण झाडालाच जखम करतो. पाटी वेगळ्या खांबावर असावी.

दुसरी जात नाव सांगणाऱ्यांची. इथे वाट आधी ठरलेली नसते. आपण पानाचा फोटो काढतो किंवा पक्ष्याचा आवाज ऐकवतो आणि ॲप नाव सांगते. फ्रान्समधले 'प्लांटनेट', अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेचे 'मर्लिन' आणि बर्कलीच्या विद्यार्थ्यांच्या २००८ मधल्या प्रकल्पातून वाढलेले 'आयनॅचरलिस्ट' ही त्यातली ठळक नावे. ही ॲप माणसांनी ओळखून ठेवलेल्या असंख्य फोटोंवर शिकवलेली असतात. आपल्या फोटोतला आकार आणि रंग त्या फोटोंशी कितपत जुळतात हे ताडून ती उत्तर देतात. आवाजाच्या बाबतीत मर्लिन आधी आवाजाचे चित्र काढते. वेळ आडवी, स्वराची उंची उभी आणि जोर जितका जास्त तितकी गडद छटा. मग ते चित्र ओळखीच्या चित्रांशी ताडते. म्हणजे ॲप ऐकते असे आपण म्हणत असलो, तरी तांत्रिकदृष्ट्या ते पाहतच असते.

या उत्तरांविषयी एक गोष्ट मुलांना आरंभीच सांगावी. ॲप जे देते तो अंदाज असतो. ज्या प्रदेशातले फोटो त्याने भरपूर पाहिलेले असतात तिथे अंदाज चांगला असतो, कमी पाहिलेल्या ठिकाणी डळमळीत असतो. आयनॅचरलिस्टने हे प्रामाणिकपणे मान्य केले आहे. तिथे यंत्राची सूचना अंतिम धरली जात नाही. नोंद पाहणाऱ्या माणसांपैकी दोन-तृतीयांशाहून अधिक जणांचे एकमत झाले तरच ती संशोधनाच्या दर्जाची ठरते.

नावाआधीचे पाच प्रश्न

मर्लिन २०१४ साली आले तेव्हा त्यात फोटोवरून ओळख नव्हती. आवाजावरची ओळख तर २०२१ मध्ये आली. आरंभीचे मर्लिन पाच प्रश्न विचारीत असे आणि ती सोय आजही त्यात आहे. पक्षी कुठे दिसला? कधी दिसला? केवढा होता? मुख्य रंग कोणते? काय करत होता? उत्तरे दिली की संभाव्य पक्ष्यांची यादी पुढे येते.

मला या पाच प्रश्नांमध्ये संपूर्ण पक्षिनिरीक्षणाचा पाठ दिसतो. चिमणीएवढा की कावळ्याएवढा, हे सांगायचे तर मुलाला मापाचा विचार करावा लागतो. रंग सांगायचा तर पोट, पाठ आणि शेपूट वेगवेगळी पाहावी लागतात. 'काय करत होता' हा प्रश्न सगळ्यांत मोलाचा, कारण तो पक्ष्याला चित्रातून काढून जगण्यात आणतो. तारेवर बसून उडी घेत माशी टिपणारा, शेपटी दुभंगलेला काळा पक्षी म्हणजे कोतवाल, हे ज्या मुलाने पाच उत्तरे देऊन शोधले ते त्याला दुसऱ्या दिवशीही ओळखता येते. फोटो काढून नाव मिळवलेल्या मुलाला पुढच्या वेळी पुन्हा फोटोच काढावा लागतो.

हा नुसता माझा ग्रह नाही. अमेरिकेतल्या फेअरफिल्ड विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ लिंडा हेंकेल यांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना कलासंग्रहालयात फिरवून काही वस्तू नुसत्या पाहायला आणि काहींचे फोटो काढायला सांगितले. दुसऱ्या दिवशी चाचणी घेतली तेव्हा फोटो काढलेल्या वस्तू कमी आठवल्या. मन जणू म्हणते, जपून ठेवले आहे ना, मग आठवायचे कशाला? पण त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष आपल्या अधिक कामाचा आहे. कॅमेरा वस्तूच्या एखाद्या भागावर जवळ नेऊन फोटो काढायला सांगितला तेव्हा स्मरण घटले नाही, आणि चौकटीबाहेर राहिलेला भागही लक्षात राहिला. कुठला भाग टिपायचा हे ठरवताना डोळ्यांना काम पडले होते.

रानातले प्रयोग

संग्रहालयातली वस्तू हलत नाही. रानात सगळेच हलते, म्हणून तिथे झालेले प्रयोग वेगळे पाहावे लागतात.

इंग्लंडमधल्या ससेक्सच्या एका वनात दोन दशकांपूर्वी इव्हॉन रॉजर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'ॲम्बियंट वुड' नावाचा प्रकल्प केला. मुले जोडीजोडीने झाडीत फिरत. हातात छोटा संगणक आणि मातीतला ओलावा व प्रकाश मोजणारी एक सळी असे. ठराविक जागी पोहोचले की यंत्र आपोआप बोलू लागे. सळी मात्र मुलांनी स्वतःहून खुपसायची होती. संशोधकांना असे आढळले की आपोआप येणारी माहिती अनेकदा वाया जाई, कारण ती येई तेव्हा मुले दुसऱ्याच कशात तरी गुंतलेली असत. सळीचा नाद मात्र त्यांना लागला. झाडाखाली ओलावा किती, उघड्यावर किती, दगडाखाली किती, असे मोजत ती फिरली. मोजण्याआधी आकडा काय येईल याची पैजही लावू लागली. नंतर सगळ्यांना एकत्र बसवून नोंदी पुढे ठेवल्या तेव्हा कुठल्या जागी कोणता जीव का राहतो, यावर चर्चा झाली. या प्रकल्पातून दोन धडे घेता येतात. फोनने मध्येच बोलू नये, मुलाने विचारल्यावर बोलावे. आणि फिरणे संपल्यावर फोन बाजूला ठेवून बोलत बसणे हा शिकण्याचाच भाग आहे.

तैवानमधल्या चेन, काओ आणि शू या संशोधकांनी २००३ मध्ये शाळकरी मुलांच्या पक्षिनिरीक्षणासाठी हातात मावणाऱ्या संगणकावर बनवलेल्या व्यवस्थेविषयी लिहिले. त्यांच्या रचनेतली खुबी मदत कमी करत नेण्यात होती. आरंभी भरपूर खुणा द्यायच्या आणि मूल सरावले की एकेक काढून घ्यायची. आपल्याकडे सायकल शिकवणारा बाप हेच करतो. आधी सीट घट्ट धरतो, मग नुसता हात लावून पळतो आणि शेवटी मुलाला न सांगता सोडून देतो. बाजारातली बहुतेक ॲप हात सोडतच नाहीत, आणि ते स्वाभाविक आहे. मुलाला ॲपची गरज उरली नाही, हे यश ॲप बनवणाऱ्याच्या हिशेबात कुठे बसत नाही. ते यश पालकांनी आणि शिक्षकांनीच मोजायचे आहे.

फोनला न येणारी नावे

तरोट्याचा फोटो काढला की ॲप 'सेन्ना टोरा' हे शास्त्रीय नाव देईल. ते खरे आहे आणि उपयोगाचेही आहे, कारण त्या नावाने जगभरातली माहिती उघडते. पण पावसाच्या आरंभी विदर्भात याच कोवळ्या पाल्याची भाजी होते, पश्चिम महाराष्ट्रात याला टाकळा म्हणतात आणि याच्या बिया भाजून कॉफीसारख्या वापरतात, हे त्या नावामागे असेलच असे नाही.

मारुती चितमपल्ली यांची आठवण इथे अटळ आहे. सोलापुरात १९३२ साली जन्मलेल्या या वनाधिकाऱ्याने आयुष्याचा मोठा काळ विदर्भाच्या जंगलांत आणि नागपुरात काढला. जून २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या 'पक्षिकोशा'चे मोल माझ्या लेखी यात आहे की शास्त्रीय नावाशेजारी त्यांनी लोकांच्या तोंडची नावे बसवली. ही नावे त्यांना जंगलात राहणाऱ्या माणसांशी बोलून मिळाली. एका पक्ष्याला चार नावे असतात, कारण चार प्रकारच्या माणसांनी त्याला चार कामांच्या वेळी पाहिलेले असते. भारद्वाजाला कुंभारकावळा म्हणणाऱ्याने त्याचा मातकट रंगाचा पंख नीट पाहिला होता. लोकनाव हे कोणाच्या तरी निरीक्षणाचा सारांश असते. ते हरवते तेव्हा निरीक्षणही हरवते.

टिटवीचे घ्या. 'टिटवीदेखील समुद्र आटविते' ही म्हण मराठी माणसाला ठाऊक असते. अंडी नेणाऱ्या समुद्राशी भांडणाऱ्या टिटवीची पंचतंत्रातली गोष्टही ठाऊक असते. प्लॉटवरच्या टिटवीजवळ जाऊन पाहिले की ती गोष्ट कुणी रचली असेल हे कळते. अंड्यांच्या दिशेने आपण पाऊल टाकले की ती ओरडू लागते, आणखी जवळ गेलो की अंगावर झेपावते. मराठी मार्गदर्शिकेत ही म्हण, ही गोष्ट आणि हे निरीक्षण एका मिनिटात एकत्र येऊ शकते. परदेशी ॲपच्या भाषांतरातून ते येणार नाही.

कऱ्हांडल्याचा धडा

हुडकेश्वरजवळून जाणारा उमरेड रस्ता ज्या जंगलाकडे नेतो, तिथे फोनचे दुसरे रूपही दिसले. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एफ-२ नावाची वाघीण पाच बछड्यांसह रस्त्यावर होती. पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी तिची वाट अडवली. चित्रफिती सगळीकडे पसरल्या. जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली, आणि सफारीतल्या मोबाईलवर निर्बंध आले.

मोबाईल मार्गदर्शिकांच्या बाजूने लिहिताना ही घटना टाळून चालणार नाही. मला ते निर्बंध योग्य वाटतात. वाघाच्या जंगलात जिवंत वाटाड्या सोबत असतो आणि तो फोनपेक्षा पुष्कळ जास्त जाणतो. चितळाची किंवा वानराची भीतीची हाक आली की 'कॉल आला' म्हणत तो गाडी थांबवतो, सगळ्यांना गप्प करतो आणि हाक कुठून येते ते ऐकतो. ते ऐकणे म्हणजेच तिथला पाठ. त्या वेळी हातातल्या पडद्याचे काही काम नाही. शिवाय वाघ कुठे दिसला हे क्षणात सगळ्यांना कळवणारा फोन गर्दीच गोळा करतो. आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त प्राण्यांचे नेमके ठिकाण आपणहून झाकते, ते याच कारणाने. पक्ष्यांचे ध्वनिमुद्रित आवाज वाजवून त्यांना जवळ बोलावणेही असेच आहे. विणीच्या दिवसांत नर खोट्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला घरटे सोडून येतो.

तेव्हा फोनची जागा कोणती? ज्या जागेला वाटाड्या लाभत नाही ती. रिकामा प्लॉट, शाळेमागचा नाला, वस्तीतले तळे, घरासमोरचा कडूलिंब. तिथे कोणी तज्ज्ञ येत नाही, तिकीट नसते आणि अडवण्यासारखी वाघीणही नसते.

आमच्या लेआउटमधले सहा थांबे

शेजारच्या मुलांसाठी आम्ही काही जणांनी मिळून अशी एक छोटी वाट तयार केली. तिला ॲप नाही, जागेवर पाटीही नाही. एका कागदावर हाताने काढलेला नकाशा, त्यावर सहा आकडे आणि फोनमध्ये सहा ध्वनिफिती. बोलणाऱ्या आजी मूळच्या भिवापूरकडच्या. तरोट्याच्या थांब्यावर त्या म्हणतात, "पोट्टेहो, हात लावू नका, पयले पाहा. पानं किती जोडीनं आहेत ते मोजा." यानंतर अर्धा मिनिट फितीत काहीच नाही. ही शांतता मुद्दाम ठेवली आहे. मग पुन्हा आजींचा आवाज येतो, आणि तेव्हा कुठे नाव, भाजी आणि बाकीची गोष्ट.

आधी प्रश्न, मग शांतता, मग उत्तर, हा क्रम सहाही थांब्यांवर आहे. टिटवीच्या थांब्यावरचा प्रश्न असा: "ती ओरडायला लागली का, तिथंच थांबा. किती पावलं दूर आहे?" याने दोन कामे होतात. मुलांना अंतर मोजायला मिळते आणि अंडी सुरक्षित राहतात. कडूलिंबाच्या थांब्यावर बुंध्याचा फक्त वीतभर भाग टिपायचा असतो. मग घरी बसून त्या फोटोतल्या मुंग्या कुठून कुठे जात होत्या ते सांगायचे.

यातून काही सिद्ध झाले असा दावा मी करणार नाही. मला जे दिसले ते एवढेच. तिसऱ्या-चौथ्या फेरीला मुलांनी फिती लावणे सोडले आणि आजींचे प्रश्न आपसात विचारू लागली. तरोट्याची पाने संध्याकाळी मिटतात हे एका मुलीने शोधले. ते फितीत नव्हते. त्या झाडावर पिवळी फुलपाखरे पुन्हापुन्हा का बसतात, असे दुसऱ्याने विचारले. गवती पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या तरोट्याची पाने खातात आणि म्हणून मादी तिथे अंडी घालते. हे उत्तर मात्र आम्ही फोनवर शोधले. प्रश्न मुलाचा आणि उत्तर फोनचे, अशी वाटणी झाली की यंत्राची भीती वाटत नाही.

ज्यांना आपल्या वस्तीत असे काही करायचे असेल त्यांच्यासाठी थोडे व्यवहाराचे. एक फीत साधारण एका मिनिटाची, शांतता धरून दीड मिनिटाची असावी. साध्या दर्जाने मुद्रित केली तर मिनिटाला अर्धा एमबी पुरतो, म्हणजे पूर्ण वाट एका फोटोएवढ्या जागेत मावते आणि जुन्या फोनवरही चालते. फिती घरूनच उतरवून घ्याव्या, कारण रानात रेंजचा भरवसा नाही. फोन दोघांत एकच द्यावा, म्हणजे एक ऐकतो आणि दुसऱ्याला सांगतो. पडद्यावर चित्र शक्यतो नकोच. जे समोर आहे त्याचे चित्र दाखवले की मान खाली जाते. आणि ऋतू बदलला की प्रश्नही बदलावेत. पावसाळ्यातला तरोटा उन्हाळ्यात वाळून जातो, तेव्हा तिथे शेंगांविषयी विचारता येते.

आमच्या सहा थांब्यांपैकी एकाचा पाया यंदा खोदला गेला. प्लॉट ज्याचा त्याने घर बांधणे रास्तच आहे, आणि हळूहळू बाकीचे थांबेही असेच जातील. आजींचे वयही झाले आहे. त्या थांब्याची फीत मात्र आम्ही पुसलेली नाही. तिच्या सुरुवातीला तारीख आणि जागा बोलून ठेवली आहे. ती लावली की आजींचा आवाज ऐकू येतो आणि त्यामागे, आम्ही काही न सांगता, मुद्रणात आपोआप आलेली टिटवी.